आभासी चप्पल जमिनीला टेकवायची कशी

कोल्हापुरात मामेभावाचं चप्पल लाईनला दुकान आहे. त्याच्या डोक्यात आलं की गिऱ्हाइकानं मोबाईल धरला की समोरच्या फरशीवर कोल्हापुरी दिसली पाहिजे, घरबसल्या, कापशी म्हणा पुकारी म्हणा. मी म्हटलं त्यात काय, चार दिवसांचं काम. चपलेचं थ्रीडी मॉडेल विकत घेतलं, युनिटीत (गेम बनवायचं इंजिन) टाकलं, एआर फाउंडेशन (कॅमेऱ्याच्या चित्रात आभासी वस्तू बसवायचं युनिटीचं पॅकेज) जोडलं, चौथ्या दिवशी मामीच्या हातात फोन दिला. मामीनं सोप्यातल्या फरशीकडं बघितलं, फोनकडं बघितलं आणि म्हणाली, "आरं हे पायताण तरंगतंय की रं."

मॉडेलमध्ये शिवण न् शिवण होती, वेणी होती, चामड्याचा पोत होता. तरी तरंगत होती. पुढचे तीन आठवडे मी फक्त उजेडावर घालवले आणि त्यातून जे कळलं ते इथं क्रमानं लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे, कारण सगळे (मीपण) उलट्या टोकाकडनं सुरुवात करतात, आधी चकाकी, रिफ्लेक्शन, पोस्ट प्रोसेसिंग आणि शेवटी सावली. डोळा बघतो ते बरोब्बर याच्या उलट. आधी वस्तू जमिनीला कुठं टेकते ते बघतो, मग सावली कुठल्या बाजूला आणि किती काळी, मग रंग आणि चकाकी सगळ्यात शेवटी.

प्रयोगाला दोन वस्तू घ्या, एक चपटी आणि मंद, एक उभी आणि चकचकीत. मी चप्पल आणि तांब्याचा तांब्या घेतला. दोन्ही घरात खरे असले पाहिजेत, म्हणजे आभासीच्या शेजारी खरी ठेवून बघता येते. ही एक गोष्ट केली नाही तर बाकी सगळं अंदाजपंचे.

सुरू करण्याआधी एक गोष्ट बघून घ्या, तुमचा डिव्हाइस कसला आहे. मोबाईल आणि क्वेस्ट ३, व्हिजन प्रो हे डोक्यावर घालायचे हेडसेट, हे सगळे कॅमेऱ्यानं बाहेरचं चित्र घेऊन त्यावर वस्तू रंगवतात, त्यामुळं तिथं सावली पाडता येते. होलोलेन्ससारख्या काचेतनं बघायच्या चष्म्यात मात्र उजेडावर उजेडच चढवता येतो, काळा रंग म्हणजे तिथं पारदर्शक, सावली काढायलाच येत नाही. तिथली युक्ती म्हणजे वस्तूभोवती जमिनीवर अगदी फिकट उजेडाचं वर्तुळ टाकायचं आणि सावलीची जागा तेवढी सोडायची, मग ती जागा आपोआप काळपट वाटते. चालतं, पण उन्हात नाही. पुढचं सगळं मोबाईल धरून लिहितोय.

आधी घर झाडून घ्या

युनिटीचा नवा सीन उघडला की त्यात एक दिवा आणि निळं आभाळ आधीच असतं. ते आभाळ तुमच्या चपलेवर निळसर उजेड टाकत राहतं आणि तुम्ही दोन दिवस चामड्याचा रंग बदलत बसता. (बसलो होतो.) एन्व्हायर्नमेंट लायटिंग स्कायबॉक्सवरनं (म्हणजे त्या आभाळावरनं) काढून टाका. कलर स्पेस लिनियर आहे का बघा, गॅमात असेल तर उजेडाची बेरीजच चुकते. मॉडेल खऱ्या मापाचं पाहिजे, १ युनिट म्हणजे १ मीटर, २६ सेंटिमीटरची चप्पल ०.२६ च भरली पाहिजे. विकत घेतलेली मॉडेल्स कधी सेंटिमीटरमध्ये असतात कधी इंचात, मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

मग मटेरियल, म्हणजे वस्तूचा रंग, पोत आणि चकाकी. माझ्या मॉडेलचं टेक्स्चर कुणीतरी उन्हात काढलेल्या फोटोवरनं बनवलं होतं, म्हणजे पट्ट्याखाली सावली आधीच छापलेली, डावीकडनं ऊन. आता मी उजवीकडनं दिवा लावला की एकाच चपलेवर दोन सूर्य! बेस कलरमध्ये (वस्तूच्या मूळ रंगात) कसलाच उजेड, कसलीच सावली नको, फक्त रंग. स्वतः फोटो काढणार असाल तर जुलैतलं ढगाळ आभाळ सगळ्यात भारी, आपल्याकडं त्याची कमी नाही, सगळीकडनं सारखा उजेड आणि सावली जवळपास नाहीच. बेस कलर फार टोकाला नेऊ नका, कोळसासुद्धा पडलेल्या उजेडातला ४ टक्क्यांच्या आसपास परत देतो, त्यामुळं काळ्यात काळं चामडंपण शून्यावर ठेवू नका, आणि चुन्याची भिंतपण १ नसते.

चामड्याला मेटॅलिक शून्य. तांब्याला मेटॅलिक १ आणि लिनियरमध्ये साधारण ०.९५, ०.६४, ०.५४ हा रंग. अर्धवट मेटॅलिक ०.५ वगैरे ठेवायचा मोह होतो, पण खऱ्या जगात अर्धा धातू असं काही नसतं. युनिटीत स्मूदनेस (गुळगुळीतपणा) असतो, बाकी बऱ्याच ठिकाणी रफनेस (खडबडीतपणा), १ मधून एक वजा केला की दुसरा. तांब्या आरशासारखा ठेवू नका, रोज चिंचेनं घासलेल्या तांब्यावर बारीक चरे असतात, बोटांचे डाग असतात, त्यांचा एक स्मूदनेस मॅप बनवा. पुढं रिफ्लेक्शन कमी दर्जाचं मिळणार आहे, ते या चऱ्यांमागं झाकलं जातं.

टेकवणं

मामीला तरंगताना दिसलं त्याची दोन कारणं निघाली.

एक, चपलेच्या काठाखाली जी बारीक गडद रेघ असते, जिथं चामडं आणि फरशी एकमेकाला भेटतात आणि उजेडाला आत शिरायलाच जागा नसते, ती नव्हती. ती कुठल्याही दिव्यावर अवलंबून नसते, ऊन असो ट्यूब असो ढग असो, असतेच. म्हणून ती आधीच भाजून घ्या. ब्लेंडरमध्ये (थ्रीडीचं फुकट सॉफ्टवेअर) मॉडेलखाली एक सपाट पत्रा ठेवून त्यावर ॲम्बियंट ऑक्लुजन (ही सांदीतली काळोखी) बेक करा, म्हणजे आधीच चित्रात छापून घ्या, मिळालेलं करडं चित्र मल्टिप्लाय मटेरियलवर (खालच्या रंगाला गुणून गडद करणाऱ्या) लावा आणि तो चौकोन मॉडेलचाच भाग म्हणून फरशीपासून एखादा मिलिमीटर वर ठेवा. काठाशी गडद आणि दोन-तीन सेंटिमीटरात विरून गेलेलं पाहिजे. बस, खर्च शून्य आणि अर्धं काम झालं. मला एकच गोष्ट करायची मुभा दिली तर मी हीच करीन.

दोन, शॅडो बायस. उजेडातल्या भागावर चुकीचे काळे पट्टे उमटू नयेत म्हणून इंजिन सावली किंचित मागं सरकवतं. मोठ्या वस्तूंना ते कळत नाही पण चपलेचा तळ एक-दीड सेंटिमीटर, त्यामुळं सावली काठापासून सुटलेली दिसते आणि मधे उजेडाची फट. तरंगणारच! बायस कमी केला की पट्टे येतात, म्हणून आधी शॅडो डिस्टन्स (किती अंतरापर्यंत सावली काढायची ते) कमी करा. यूआरपीत (युनिटीची चित्र रंगवायची एक पद्धत) ते डिफॉल्टला ५० मीटर असतं. २०४८ ठिपक्यांचा शॅडो मॅप (सावलीचा नकाशा) ५० मीटरवर पसरला आणि कॅस्केड (जवळच्या भागाला वेगळा बारीक नकाशा) नसतील तर एका ठिपक्याच्या वाट्याला जवळजवळ अडीच सेंटिमीटर येतात, अख्खी चप्पल त्यात हरवते. तेच ४ मीटर केलं की ठिपका २ मिलिमीटरचा होतो आणि मग बायस आणि नॉर्मल बायस दोन्ही बिनधास्त खाली आणता येतात. सोप्यात ४ मीटरच्या पुढं काय बघणार आहे गिऱ्हाईक.

सावली झेलायला जमिनीवर एक अदृश्य पत्रा लागतो ज्याच्यावर फक्त सावली उमटते. एआर फाउंडेशननं शोधलेला प्लेन (जमिनीचा सपाट भाग) सरळ वापरला तर त्याचा वेडावाकडा काठ कधीकधी सावली मधेच कापतो, म्हणून मी प्लेनची फक्त उंची घेतो आणि मॉडेलखाली स्वतःचा गोल पत्रा टाकतो, कडेला विरत जाणारा.

सावली किती काळी, किती मऊ

इथं कुणीच मोजत नाही, सगळे स्लायडर हलवतात. मोजायला पाच मिनिटं लागतात. खरी चप्पल उन्हात ठेवा, फोनचं एक्स्पोजर लॉक करा, फोटो काढा. उन्हातल्या फरशीच्या उजळपणाचा आकडा (० ते २५५ मधला) घ्या, सावलीतल्या फरशीचा घ्या. समजा २०० आणि ९० आले. हे सरळ भागायचे नाहीत, आधी २५५ नं भागून २.२ च्या घातानं लिनियर करा: ०.५९ आणि ०.१०. म्हणजे सावलीत उन्हाच्या साधारण १७ टक्के उजेड उरलाय, तर तुमच्या सावलीच्या पत्र्यानं खालचं चित्र ०.१७ नं गुणलं पाहिजे. फोन स्वतः बरीच कलाकुसर करतो त्यामुळं हे तंतोतंत नाही, पण स्लायडरपेक्षा लई बरं. आणि उन्हातली सावली काळी नसते, निळसर असते, कारण तिथं सूर्य पोचत नसला तरी आभाळ पोचतं. तिन्ही रंगांचे आकडे वेगवेगळे काढलेत की तो निळेपणा आपोआप मिळतो.

मऊपणाचं गणित अजून सोपं. सूर्य आपल्याला अर्ध्या अंशाएवढा दिसतो, त्यामुळं काठ आणि सावली यांच्यात १ मीटर अंतर असेल तर सावलीची कड साधारण ९ मिलिमीटर पसरते. चपलेच्या बाबतीत म्हणजे कड जवळजवळ धारदारच. घरात मात्र चित्र पालटतं. चार फुटी ट्यूब, फरशीपासून अडीच मीटरवर, खाली २० सेंटिमीटर उंचीचा तांब्या. ट्यूबची लांबी १.२ मीटर गुणिले ०.२, भागिले २.३, आलं १० सेंटिमीटर. म्हणजे ट्यूबच्या लांबीच्या दिशेनं सावली १० सेंटिमीटरभर विरघळते आणि आडव्या दिशेनं जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, कारण ट्यूबची जाडी तिच्या लांबीच्या मानानं फारच थोडी. ट्यूबखाली खरा तांब्या ठेवून बघा, हेच दिसतं, आयुष्यभर बघत आलोय पण लक्ष कधी दिलं नव्हतं. इंजिनमधला साधा दिवा एक बिंदू किंवा एक दिशा असतो, त्याला हे जमत नाही, तर ट्यूबच्या जागी ओळीनं चार-पाच मंद दिवे लावा किंवा सावलीच बेक करून टाका.

उजेड येतो कुठनं

अँड्रॉइडवर एआरकोअरमध्ये (गूगलची एआर यंत्रणा) लाइट एस्टिमेशनचा, म्हणजे खोलीतला उजेड ओळखायचा, एन्व्हायर्नमेंटल एचडीआर मोड आहे, २०१९ मध्ये आला. तो तीन गोष्टी देतो: मुख्य दिव्याची दिशा आणि तीव्रता, आजूबाजूच्या मंद उजेडाचे आकडे आणि एक क्यूबमॅप (चहूबाजूंचं चित्र, सहा चौकोनांत). कॅमेरा समोरचं थोडंसंच बघतो, मागचं कसं कळतं? अंदाजानं. गूगलच्या संशोधकांनी फोनच्या कॅमेऱ्यासमोर तीन गोळे बांधले, एक आरशासारखा, एक मंद चांदीचा, एक करडा, आणि तसे ढीगभर व्हिडिओ काढून त्यावर मशीन लर्निंगचं मॉडेल शिकवलं. त्यामुळं तो अंदाज बऱ्याचदा बरोबर येतो पण अंदाजच आहे हे विसरू नका, एका रंगाच्या फरशीकडं फोन खाली करून धरलात तर त्याला धरायला काहीच नसतं.

आयफोनवर वेगळी गंमत. वर्ल्ड ट्रॅकिंगमध्ये (मागच्या कॅमेऱ्यानं खोली बघताना) एआरकिट (ॲपलची एआर यंत्रणा) फक्त एकूण उजेड (१००० म्हणजे नॉर्मल) आणि कलर टेम्परेचर (६५०० म्हणजे पांढरा) देतं, दिशा देतच नाही, ती फेस ट्रॅकिंगमध्ये (चेहरा बघताना) मिळते. क्यूबमॅप एन्व्हायर्नमेंट प्रोबमधनं मिळतो. तर दिशेसाठी दोन वाटा. घरात असाल तर क्यूबमॅपमधली सगळ्यात उजळ जागा शोधा आणि दिवा तिथं लावा. बाहेर उन्हात असाल तर सूर्य कुठं आहे हे गणितानं काढता येतं, फोनला वेळ, ठिकाण आणि दिशा माहीत असतेच.

सूर्याचं गणित तपासायला कोल्हापूरचे आकडे पाठ करून ठेवा. आपण १६.७ अंश उत्तरेला आणि साधारण ७४.२ अंश पूर्वेला, भारताची घड्याळ-रेषा ८२.५ वर, त्यामुळं इथं सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही तर साडेबाराच्या आसपास, फेब्रुवारीत तर पावणेएकच्या सुमारास. मेच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटाला आणि परत ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शून्य सावली, म्हणजे तांब्याची सावली तांब्याखालीच. डिसेंबरात भर दुपारी १ मीटर काठीची सावली ८४ सेंटिमीटर, उत्तरेकडं. तुमच्या कोडनं यापेक्षा वेगळं काही सांगितलं तर कोड चुकलाय, सूर्य नाही.

आणि सगळ्यात मोठी टेस्ट केस आपल्या गावातच आहे. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी, मावळतीचे किरण पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. दोन वेगळ्या महिन्यांत तेच कसं घडतं, तर दोन्ही वेळा सूर्य जवळपास त्याच जागी मावळतो, पश्चिमेपासून साधारण १८ अंश दक्षिणेला. ज्यानं ते बांधलं त्याला दिशा एक-दोन अंशात पकडता येत होती आणि आमच्या कोडमध्ये सावली २० अंश चुकून कुणाला कळत नव्हतं. तुमच्या कोडमध्ये या तारखा टाका, मावळतीचा कोन १८ च्या आसपास येतो का बघा.

दिशा मात्र होकायंत्रावर चालते आणि होकायंत्र लोखंडाशेजारी गंडतं. उद्यमनगरात, म्हणजे आमच्याकडच्या कारखान्यांच्या भागात, एका ओळखीच्या शेडमध्ये दाखवायला गेलो तर सूर्य चक्क उत्तरेला. उपाय गावठी आहे पण पक्का: फरशीवर एक पेन उभा धरा, स्क्रीनवर एक आभासी रेघ त्याच्या सावलीवर बोटानं फिरवून जुळवा. पाच सेकंदांचं काम, आणि गिऱ्हाइकाला ते खेळ वाटतं.

अजून एक, येणारे आकडे दर फ्रेमला उड्या मारतात, सरळ लावलेत तर सावली थरथरते. अर्ध्या सेकंदावर सरासरी काढत जा. फक्त लाईट गेली किंवा आली की सरासरी सोडून लगेच नवा आकडा घ्या, नाहीतर खोलीत अंधार आणि चप्पल हळूहळू विझतीय असं भुताटकीसारखं दिसतं.

आजूबाजूचा उजेड आणि रंग

मंद उजेड जो येतो तो स्फेरिकल हार्मोनिक्स नावाच्या भानगडीतनं. घाबरू नका, ९ आकडे गुणिले तीन रंग, एकूण २७. चामड्यासारख्या मंद वस्तूवर सगळ्या दिशांनी पडणारा उजेड एवढ्याशा आकड्यांत जवळपास पुरा मावतो हे २००१ मध्ये रामामूर्ती आणि हॅनरहान यांनी दाखवलं, सरासरी चूक एखादा टक्का. हे २७ आकडे थेट युनिटीच्या ॲम्बियंट प्रोबमध्ये (आजूबाजूच्या उजेडाची सेटिंग) टाका. याचा फायदा लाल कोब्याच्या जमिनीवर कळतो, तांब्याच्या पोटाखालच्या बाजूला लालसर झाक आली की तो त्या घरातलाच वाटायला लागतो. आकडे मिळत नसतील तर जमिनीच्या चित्राचा सरासरी रंग काढून खालनं एक मंद दिवा लावा, काम भागतं.

एक खड्डा: एन्व्हायर्नमेंटल एचडीआर वापरताय तर वर परत एकूण उजेडाच्या आकड्यानं गुणू नका, तोच उजेड दोनदा मोजला जातो.

चकाकी

चपलेला हे जवळपास लागतच नाही, तांब्याला हेच सगळं. मोबाईलनं बनवलेला क्यूबमॅप धूसर असतो आणि न बघितलेला भाग त्यानं मनानं भरलेला असतो. म्हणून ॲप उघडल्यावर गिऱ्हाइकाला आधी फोन खोलीभर फिरवायला लावा, सरळ सांगू नका कंटाळतात, "दुकानाचं दार शोधा" असलं काहीतरी द्या.

पण जागा ठरलेली असेल, म्हणजे दुकानातलाच काउंटर किंवा प्रदर्शनातला स्टॉल, तर सगळ्यात चांगली रीत जुनीच आहे, १९९८ मध्ये पॉल डेबेवेक यांनी मांडलेली. आरशासारखा गोळा वस्तूच्या जागी ठेवायचा आणि त्याचे फोटो काढायचे, गोळ्यात जवळजवळ अख्खी खोली दिसते. मी बेअरिंगचा मोठा गोळा आणला, उद्यमनगरात विचारलं की मिळतो. ट्रायपॉड, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स लॉक, आणि शटर १/१५, १/६०, १/२५०, १/१०००, १/४००० असे पाच फोटो, प्रत्येक आधीच्यापेक्षा दोन स्टॉप कमी, म्हणजे साधारण पाव उजेड. एका फोटोत ट्यूब आणि पांढरी भिंत दोन्ही २५५ च दिसतात, ट्यूब भिंतीच्या कितीतरी पट उजळ असते ते फक्त शेवटच्या काळ्याकुट्ट फोटोत कळतं. हे पाच जोडून एचडीआर बनवा, म्हणजे अंधारापासून लखलखाटापर्यंत सगळे आकडे धरणारं एक चित्र. न जोडता साधा एक फोटो रिफ्लेक्शनला लावलात तर तांब्या राखाडी प्लॅस्टिक दिसतो, धातूचा जीव त्या एका लखलखीत ठिपक्यात असतो. गोळ्यात तुम्ही स्वतःपण दिसता, ९० अंश फिरून दुसरा सेट काढा आणि स्वतःला पुसून टाका.

कॅमेऱ्याची खोड उचला

आता सगळं बरोबर असूनही वस्तू चिकटवल्यासारखी वाटते, कारण ती फार स्वच्छ आहे. संध्याकाळी सोप्यात फोनचं चित्र दाणेदार असतं आणि तुमची चप्पल काचेसारखी. आयफोनवर एआरकिट कॅमेऱ्याचे दाणे टेक्स्चर म्हणून देतं, ते वस्तूवर चढवा, अँड्रॉइडवर स्वतः थोडे टाका, अंधार वाढेल तसे वाढवा. काठ किंचित मऊ करा. आणि टोन मॅपिंग (फार उजळ आकडे स्क्रीनला मावतील असे दाबणं) लावलं असेल तर ते कॅमेऱ्याच्या चित्रावर परत चढत नाही ना बघा, फोननं ते आधीच केलेलं असतं, दुसऱ्यांदा झालं की अख्खी खोली फिकट पडते आणि दोष चपलेला जातो.

हात पुढं आला तर चप्पल हाताच्या मागं गेली पाहिजे, त्यासाठी डेप्थ ऑक्लुजन चालू करा. ज्या फोनवर डेप्थ (कुठली वस्तू किती लांब ते मोजणं) नाही तिथं नाद सोडा.

शेवटची परीक्षा

चार वेळा करा: सकाळच्या उन्हात, ढगाळ वेळी, मावळतीला आणि रात्री ट्यूबखाली. मावळतीला सूर्य दोन-अडीच हजार केल्विनपर्यंत तांबडा होतो आणि सावली लांबच लांब जाते, तिथं दिशेची बारीक चूकपण उघडी पडते. प्रत्येक वेळी खरी चप्पल शेजारी पाहिजे. आणि बघणारा माणूस कॉम्प्युटरवाला नको. त्याला "खरं वाटतंय का" असं विचारू नका, विचारलं की माणूस खोट शोधायला लागतो, नुसता फोन द्या आणि गप्प बसा.

मी परत मामीलाच फोन दिला. रात्रीची वेळ, सोप्यात ट्यूब. तिनं बघितलं आणि कपाळाला आठी घातली. "ती चप्पल सरळ कर आधी, उलटी पडलीया. घरात भांडणं लावतोस व्हय." मॉडेल १८० अंशात फिरून तळ वर करून पडलं होतं, ते मला त्या घाईत दिसलंच नव्हतं.